मासे व भाजी एका पाण्यावर : परसांतील नव्या प्रयोगाविषयीं कांहीं अनुभव

गेल्या वर्षभरांत आमच्याकडे सभासदांचीं जीं पत्रें आलीं त्यांपैकीं कांहींचा विषय एकच आहे. माशांच्या टाकींतील पाणी भाजीच्या वाफ्यांतून फिरवून मातीवांचून व विकतच्या खतावांचून भाजी काढतां येते असें ऐकण्यांत येतें. तें खरें काय, व खरें असल्यास आपल्यासारख्या कोरडवाहू मुलुखांतील शेतकऱ्यानें त्याच्या नादीं लागावें काय, अशी पृच्छा त्यांत आहे. या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स असें नांव आहे. मराठींत तीस सर्वांनीं मान्य केलेलें नांव अद्याप नसल्यामुळें या लेखापुरतें आम्ही तीस 'मासेभाजीची बाग' असें म्हणणार आहों. पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें आहे. दुसऱ्याचें उत्तर इतकें सरळ नाहीं, व तें देण्यापूर्वीं आमच्या हातून जी चूक झाली ती सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कारण नव्यानें आरंभ करणाऱ्या दहांपैकीं नऊ जण याच चुकींत सांपडत असावेत असा आमचा तर्क आहे.

भातखाचरांत मासे सोडण्याची चाल चीन देशांत फार प्राचीन आहे. परंतु टाकी, नळ्या व खडीचा वाफा यांची जी मांडणी हल्लीं प्रचारांत आहे तिचा अभ्यास मुख्यतः १९८० नंतरचा होय. कॅरिबियन समुद्रांतील सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठांत डॉ. जेम्स राकोसी यांनीं या विषयावर पुष्कळ वर्षें काम केलें. त्या बेटावर गोड्या पाण्याचा तुटवडा असून लोक छपरावरचें पावसाचें पाणी हौदांत सांठवून वापरतात. पाणी थोडें असेल तेथें हा विचार सुचावा हें साहजिकच होतें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनेंही २०१४ सालीं लहान प्रमाणावरील मासेभाजीच्या बागेवर एक विस्तृत ग्रंथ काढिला आहे. असो. इतिहास याहून अधिक सांगण्याचें येथें कारण नाहीं.

आतां या बागेंत घडतें काय तें पाहूं. मासा खाद्य खातो व त्यांतील नायट्रोजनाचा बराच भाग कल्ल्यांवाटें अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. अमोनिया हें माशांस विष आहे. पाणी सांठलेलें असेल तर मासा स्वतःच्याच उत्सर्गानें मरतो. परंतु पाण्यांत, व विशेषतः खडीच्या पृष्ठभागावर, एका जातीचे सूक्ष्म जंतु वाढतात ते या अमोनियाचें नायट्राइट करितात. नायट्राइटही विषारीच; त्यानें माशाचें रक्त तपकिरी होऊन प्राणवायु वाहून नेण्यास निकामी होतें. मग दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्रेटापासून माशांस, तें फार सांठल्याखेरीज, अपाय होत नाहीं. आणि वनस्पतींचें तर तें आवडतें अन्न आहे. वाफ्यांतील भाजी तें घेते, पाणी निवळतें, व निवळलेलें पाणी पुनः माशांकडे येतें.

हे जंतु कोणी परके आहेत असें शेतकरी बंधूंनीं समजूं नये. जुन्या गांवठाणाची पांढरी माती शेतांत टाकली असतां पीक जोमानें उठतें, आणि गोठ्याच्या जुन्या भिंतीस सोऱ्याचा पांढरा फुलोरा येतो, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. गुरांच्या मुतापासून झालेल्या अमोनियाचें याच जातींच्या जंतूंनीं नायट्रेट केलें, हें त्याचें मोठें कारण. विनोग्राड्स्की नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु प्रथम वेगळे काढून दाखविले. म्हणजे मासेभाजीच्या बागेंत आपण मासे पाळतों व भाजी लावतों असें दिसत असलें, तरी खरें पालन या तिसऱ्याचें, न दिसणाऱ्याचें, करावयाचें असतें. तो जगला तर बाकीचीं दोन्ही जगतात.

हें सर्व आम्ही पुस्तकांत वाचलें होतें. तरीही आमची पहिली खेप फसली ती अशी. पडवीच्या मागें सिमेंटचा नवा हौद बांधला. त्यांत पांचशें लिटर पाणी मावत होतें. शेजारीं खडीचा वाफा केला, पंप बसविला, विहिरीचें पाणी भरलें, आणि तिसऱ्याच दिवशीं रोहूच्या साठ बोटुकल्या आणून सोडल्या. घरीं मुलें होतीं. माशांस खाऊं घालण्याची त्यांस हौस. आम्हींही पाहुण्यासारखा त्यांचा पाहुणचार केला. चौथ्या दिवशीं मासे पाण्याच्या पृष्ठाशीं येऊन तोंडें उघडूं लागले. हवा कमी पडत असावी असें समजून आम्ही हवेचा दुसरा पंप लावला. पांचव्या दिवशीं कांहींचे कल्ले लाल झालेले दिसले. आठव्या दिवशीं साठांपैकीं सात उरले. मत्स्यबीजच रोगट निघालें असा ग्रह करून आम्ही ज्यांच्याकडून तें आणलें त्यांस दोष दिला. पुढें एका जाणत्या स्नेह्यानें पाण्याची परीक्षा करून दाखविली तेव्हां आमचें तोंड बंद झालें. पाण्यांत अमोनिया भरपूर होता, जंतूंचा मागमूस नव्हता, आणि पाण्याचा सामू ८.६ होता. मत्स्यबीज देणाऱ्यांची मागाहून आम्ही क्षमा मागितली हें येथें नमूद करितों.

सामूचा उल्लेख आला तो थोडा उलगडून सांगितला पाहिजे, कारण आपल्या भागांत तो फार महत्त्वाचा आहे. पाण्यांतील सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा जो भाग मुक्त स्थितींत असतो तोच कल्ल्यांतून शिरून माशास मारतो. पाणी २५ अंश सेल्सिअस असतां सामू ७ असेल तर हा मुक्त भाग शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक असतो, सामू ८ झाला कीं शेंकडा ५ च्या वर जातो, आणि ८.५ झाला कीं शेंकडा १५ च्या आसपास पोंचतो. पाणी जितकें ऊन, तितका तो आणखी वाढतो. आपल्या पठारावरील विहिरींचें पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असतें. त्यांत नव्या सिमेंटांतून चुना सुटला म्हणजे विचारूंच नये. तेव्हां पावसाळी प्रदेशांतील मनुष्य जी घाई करून कदाचित् निभावून जाईल, ती आपणांस पचत नाहीं. सिमेंटचा हौद वापरावयाचाच असेल तर तो भरून आठवडा ठेवावा, पाणी सोडून द्यावें, पुनः भरावा, असें सामू उतरेपर्यंत करीत जावें. आम्ही दुसऱ्या खेपेस खाण्याच्या पदार्थांस चालणारी प्लास्टिकची टाकीच घेतली. औषधाचें किंवा रंगाचें जुनें पिंप धुऊन घेण्याचा मोह मात्र कोणीही धरूं नये.

दुसऱ्या खेपेस आम्ही मासे आणलेच नाहींत. आधीं पाणी पिकविलें. कच्चें शेणखत पिकास जाळतें व मुरलेलें पोसतें, तसाच हा प्रकार आहे. जंतूंस वाढण्यास अमोनिया पाहिजे. तो माशांकडूनच मिळाला पाहिजे असें नाहीं. नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. पांचशें लिटर पाण्यास चार ग्रॅम शुद्ध नवसागर टाकिला असतां दर लिटरास सुमारें दोन मिलिग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन होतो, व आरंभास तेवढा पुरतो. कल्हईसाठीं मिळणारा नवसागर शुद्ध असेलच असें नाहीं, म्हणून प्रयोगशाळेचें सामान विकणाऱ्याकडून घ्यावा. युरिया आपल्या घरीं असतोच, पण त्याचा अमोनिया केव्हां व किती होईल याचा अंदाज बांधतां येत नाहीं; तो टाकूं नये.

पाण्याचा पंप व हवेचा पंप चालू ठेवून नवसागर टाकावा, व दर दोन दिवसांनीं थेंबांच्या पेटीनें अमोनिया, नायट्राइट व सामू पाहावा. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत अशा पेट्या मिळतात. पंपापेक्षांही या पेटीस आम्ही अधिक महत्त्व देतों. आमच्या टाकींत पहिले दहा दिवस कांहींच हाललें नाहीं. रोज तोच रंग. घरांतील मंडळी विचारूं लागलीं कीं रिकाम्या टाकीस एवढी वीज कशास? बाराव्या दिवशीं अमोनिया उतरूं लागला व नायट्राइट दिसूं लागलें. मग नायट्राइट चढत गेलें व चढूनच बसलें. या मधल्या काळांत नवसागराचें प्रमाण निम्में केलें. पांचव्या आठवड्यांत एके सायंकाळीं पुनः चार ग्रॅम टाकून दुसऱ्या सायंकाळीं पाहतों तों अमोनिया नाहीं व नायट्राइटही नाहीं. चोवीस तासांत दोन्ही नाहींसे होऊं लागले म्हणजे पाणी पिकलें असें समजावें. बहुतेक ठिकाणीं यास चार ते सहा आठवडे लागतात. थंडींत याहून अधिक. जवळपास कोणाची जुनी चालती बाग असेल व तींत रोग नसेल, तर तेथील दोन मुठी ओली खडी आणून वाफ्यांत पुरावी. दुधास विरजण लावावें तसें काम होतें व आठवडा दोन आठवडे वाचतात.

आणखी एक गोष्ट. ज्या गांवीं विहिरींत किंवा नळाच्या पाण्यांत टी.सी.एल. पावडर टाकितात तेथील पाणी थेट घेऊं नये. क्लोरीन हें जंतूंस मारण्यासाठींच असतें. तें आपले जंतु व परके जंतु असा भेद करीत नाहीं. पाणी उघड्या भांड्यांत एक दोन दिवस ठेवून, मधून मधून ढवळून, मग टाकींत भरावें.

आतां मांडणी. पांचशें लिटरांची टाकी व तीवर किंवा तीशेजारीं उंचावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल असा वाफा, एवढें नवशिक्यास पुरें. याहून लहान टाकी घेणें सोपें वाटतें, पण तें उलट अवघड आहे. थोड्या पाण्यांत ऊन, थंडी व विष हीं तिन्हीं लवकर चढउतार करितात. अशा वाफ्यांत कोरडी खडीच साडेचारशें किलोच्या आसपास भरते, व पाणी धरून वजन साडेपांचशें किलोवर जातें. ह्यास्तव बैठक दगडी किंवा पक्क्या विटांची असावी. एका गृहस्थांनीं लांकडी बाजेवर वाफा मांडलेला आम्ही पाहिला. तो किती दिवस टिकला हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

खडी काळ्या पाषाणाची, बोराएवढी, धुऊन धूळ काढलेली घ्यावी. ओढ्यांतली गोटेखडी घेतल्यास तींत चुनखडीचे खडे असतात, व ते सामू सतत वर ठेवितात. परीक्षा सोपी आहे. मूठभर खडीवर व्हिनेगर ओतावें. बुडबुडे आले तर ती खडी परत टाकावी. वाफ्यांत एक उभी नळी अशी बसवावी कीं पाणी पंचवीस सेंटिमीटरांवर चढलें म्हणजे तींतून टाकींत परत पडेल, आणि नळीच्या बुडाशीं बारीक छिद्रें पाडावीं म्हणजे पंप थांबल्यावर वाफा हळूहळू रिकामा होईल. नळीभोंवतीं जाळीची दुसरी रुंद नळी ठेवावी. नाहींतर मुळें आंत शिरून बोळा बसतो. तासांतून पंधरा मिनिटें पंप चालावा व पाऊण तास बंद राहावा अशी टायमरची योजना करावी. पाणी उतरतें तेव्हां खडींत हवा शिरते, व मुळांस आणि जंतूंस दोघांसही ती हवी असते. वरची पांच सेंटिमीटर खडी सदैव कोरडी राहिली पाहिजे; म्हणजे शेवाळ येत नाहीं व रोपांचे देठ कुजत नाहींत. वाफा भरतेवेळीं टाकींतलें सुमारें शंभर लिटर पाणी वर जातें, हें ध्यानांत घेऊन पंप टाकीच्या तळाशींच ठेवावा. टाकीवर सावली पाहिजे, व जाळीही पाहिजे. खंड्या पक्ष्यास आपला पत्ता फार लवकर लागतो.

माशांच्या निवडीविषयीं पुष्कळ पत्रें आहेत. परदेशांतील बहुतेक पुस्तकें तिलापियाचें नांव घेतात. तो मासा १९५२ सालीं भारतांत आणला गेला, व तलावांतून पसरून देशी माशांस उपद्रवी ठरला. त्याच्या सुधारलेल्या जाती पाळण्यास शासनाची अनुमति लागते. थाई मांगूर नांवाच्या परदेशी माशाच्या पालनास तर आपल्या देशांत बंदीच आहे, मग तो कोणी कितीही स्वस्त देवो. आपणांस रोहू किंवा कॉमन कार्प बरा. तलावांत जसा वाढतो तसा तो टाकींत वाढत नाहीं, हें आधींच समजून असावें. पंगस हा हवा कमी असतांही तग धरतो. आणि आमच्या वाचकांत माळकरी पुष्कळ आहेत म्हणून मुद्दाम लिहितों : मासे खाल्लेच पाहिजेत असें या बागेंत कांहीं नाहीं. सोनेरी मासे पाळूनही भाजी तितकीच येते. आमच्या माहितीचे एक वारकरी गृहस्थ तसेंच करितात, आणि त्यांचा पुदिना आमच्यापेक्षां सरस असतो.

मत्स्यबीज पावसाळ्यांत, म्हणजे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, चांगलें मिळतें. त्या हिशोबानें पाणी पिकविण्यास मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभीं लागावें. मासे एकदम सोडूं नयेत. प्रथम दहा, व पंधरा दिवसांनीं पाण्याची परीक्षा ठीक आल्यास आणखी दहा. पांचशें लिटरांत पूर्ण वाढ झाल्यावर एकूण पांच किलोपेक्षां अधिक मासा ठेवूं नये. अनुभवी लोक याच्या दुप्पट ठेवितात; परंतु वीज गेली म्हणजे त्यांची झोंप जाते.

आतां ज्या मुद्द्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं त्याकडे वळूं. खत विकत घ्यावें लागत नाहीं असें या बागेविषयीं सांगितलें जातें. तें अर्धसत्य आहे. मासा शून्यांतून खत निर्माण करीत नाहीं. पोत्यांतलें खाद्य हेंच या बागेचें खत होय, व तें पैसे देऊन आणावें लागतें. म्हणून वाफ्याचा हिशोब माशांच्या संख्येवरून न करितां रोजच्या खाद्याच्या वजनावरून करावा. अन्न व कृषि संघटनेच्या ग्रंथांत पालेभाजीस दर चौरस मीटरास रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, आणि टोमॅटो, मिरची अशा फळभाजीस ५० ते ८० ग्रॅम, असें मान दिलें आहे. आतां हिशोब करून पाहा. दहा दहा ग्रॅमच्या वीस बोटुकल्या म्हणजे दोनशें ग्रॅम मासा. तो रोज आठ दहा ग्रॅमच खातो. एवढ्यावर चौरस मीटराचा पांचवा हिस्साच पोसतो. हें न ओळखतां आम्ही पहिल्याच महिन्यांत सगळा वाफा पालक लावून भरला, व तो पिंवळा पडल्यावर माशांस अधिक खाद्य घालण्याचा विचार करूं लागलों होतों. तसें केलें असतें तर पहिल्या खेपेचाच प्रसंग पुनः आला असता. आरंभीं वाफ्याचा एक कोपराच लावावा, व मासे वाढतील तसा पुढें सरकावा. खाद्य तरंगणारें घ्यावें. अर्ध्या तासांत जें उरेल तें जाळीनें काढून टाकावें व दुसऱ्या दिवशीं तेवढें कमी करावें. शेततळ्यांत आपण शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा टाकितों, तो येथें चालत नाहीं. तो पाण्यांत विरघळून खडींत बसतो व सडतो.

पालक, माठ, चुका, कोथिंबीर, पुदिना व अळू यांपासून आरंभ करावा. अळूस तर ही बाग माहेरासारखी मानवते. मुळा, गाजर व कांदा यांच्या नादीं लागूं नये. टोमॅटो व मिरची चार महिन्यांनंतर, मासे अर्धा पाव किलोचे झाल्यावर. नवीं पानें पिंवळीं पडून शिरा हिरव्या राहिल्या तर तो केवडा होय. चुनखडीच्या जमिनींत उसावर पडतो तोच. माशांच्या खाद्यांत लोह पुरेसें नसतें, शिवाय सामू अधिक असला म्हणजे असलेलें लोहही पिकास मिळत नाहीं. त्यास चिलेटेड लोह घालावें, पण फेरस सल्फेट घालूं नये. शेंकडा ६ लोह असलेला चिलेट पांचशें लिटरांस सतरा ग्रॅम पुरतो, व तो तीन चार आठवड्यांनीं एकदां द्यावा. पाणी अल्कधर्मी असल्यास ई.डी.डी.एच.ए. प्रकारचा घ्यावा, त्यानें पाण्यास तांबूस रंग येतो, तें पाहून घाबरूं नये. सामू उतरविण्यासाठीं लिंबाचें सत्त्व टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकूं नये, त्यानें जंतूंस बाधा होते. पत्र्यावरचें पावसाचें पाणी सांठवून त्याची भर घालीत राहावें हा उत्तम उपाय. जंतूंच्या क्रियेनेंही सामू हळूहळू आपोआप खालीं येतो. मात्र सर्वस्वीं पावसाचेंच पाणी वापरणाऱ्यांचा सामू ६ च्या खालीं घसरून जंतु थांबतात. त्यांनीं शिंपल्यांचा चुरा पुरचुंडींत बांधून टाकींत टांगावा.

शेतकऱ्याच्या हातून या बागेस सर्वांत मोठा धोका फवारणीचा आहे. पानावर मावा दिसला कीं आपला हात पंपाकडे जातो. येथें तो आवरला पाहिजे. मोरचूद, कीटकनाशकें, तंबाखूचा काढा, साबणाचें पाणी, हीं सर्व माशांस घातक आहेत, आणि वाफ्यावर पडलेला प्रत्येक थेंब तासाभरांत टाकींत जातो. शेतांत वापरलेला पंप धुऊन घेतला तरी या बागेजवळ आणूं नये. मावा हातानें पुसावा, किंवा तें रोपच उपटून टाकावें. त्याचप्रमाणें भाजीस जोर यावा म्हणून वाफ्यांत शेण किंवा मूत ओतूं नये. पालेभाजी आपण कित्येकदां कच्ची खातों.

विजेचा खर्च लोकांस वाटतो तेवढा नाहीं. वीस वॉटचा पाण्याचा पंप टायमरवर दिवसाकांठीं सहा तास, व पांच वॉटचा हवेचा पंप चोवीस तास, मिळून रोज पाव युनिटाच्या आंत, म्हणजे महिन्यास सात आठ युनिटें होतात. प्रश्न खर्चाचा नसून खंडाचा आहे. पाण्याचा पंप रात्रभर बंद राहिला तरी वाफा ओला असल्यास जंतु तगतात. पण हवा थांबली तर उन्हाळ्याच्या रात्रीं मासे सकाळपर्यंत राहतीलच असें नाहीं, कारण ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. म्हणून हवेच्या पंपास बॅटरी जोडलेली असावी. हा एक खर्च टाळण्यासारखा नाहीं.

एवढें सांगितल्यावर दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. टाकीच्या पाण्यापैकीं रोज शेंकडा एक ते तीन इतकें पाणी वाफ होऊन व पानांवाटें जातें. म्हणजे पांच ते पंधरा लिटर, फार तर एक मोठी घागर. चैत्र वैशाखांत वारें सुटलें म्हणजे थोडें अधिक. ज्यांच्या विहिरी शिमग्यानंतर आटतात, ज्यांस पिण्याचें पाणी टँकरनें येतें, ज्यांच्या घराभोंवतीं मुरूम किंवा चोपण जमीन आहे, त्यांच्या घरीं एका घागरीवर बारमाही पालेभाजी येणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा. परंतु ज्यांच्या मोटेस, आतां पंपास, बारमाही पाणी आहे व परसांत काळी माती आहे, त्यांनीं एवढा खटाटोप कशास करावा हें आम्हांस समजत नाहीं. त्यांचा साधा वाफा याहून स्वस्त पडतो. आणि या बागेपासून महिन्यास अमुक हजार उत्पन्न होईल असें सांगून यंत्रसामग्री विकणारे जे लोक हल्लीं हिंडतात, त्यांस प्रत्येकानें एवढेंच विचारावें कीं खाद्याचा भाव काय, तें किती लागतें, व पाणी पिकण्यास किती दिवस लागतात. तिसऱ्या प्रश्नास 'लगेच मासे सोडा' असें उत्तर आलें तर त्यांस चहा देऊन वाटेस लावावें.

शेवटीं साफसफाईविषयीं. आमची बाग दुसऱ्या खेपेस चांगली लागली होती. दिवाळीस आम्ही परगांवीं गेलों असतां घरच्या मंडळींनीं सणाची झाडलोट काढली. शेवाळलेली, तपकिरी चिकट साय धरलेली ती खडी त्यांस घाण वाटली यांत त्यांचा दोष नाहीं. ती साय म्हणजेच जंतु, हें आम्ही त्यांस कधीं सांगितलेंच नव्हतें. त्यांनीं मासे एका पिंपांत काढले, टाकी घासली, खडी टी.सी.एल.नें धुतली, आणि लख्ख करून सर्व जागच्या जागीं लावलें. आम्ही परतलों तों चार मासे उलटे झाले होते. उरलेल्यांचें खाद्य बंद केलें, रोज तिसरा हिस्सा पाणी, सामू व उष्णता पाहून, बदललें, स्नेह्याकडून ओल्या खडीची बादली आणून वाफ्यांत मिसळली, व वीस दिवसांनीं अमोनिया उतरला. तेव्हांपासून टाकीचा तळ तेवढा पंधरवड्यानें नळीनें ओढून घेतों, व तो गाळ अळूच्या नव्हे, अंगणांतील लिंबाच्या आळ्यांत जातो. खडी वर्षांतून एकदां हालवावी लागलीच तर अर्धीच हालवितों, व टाकीच्याच पाण्यानें खळबळून परत घालितों. उरलेली अर्धी दोन महिने तशीच राहूं देतों.